झाडाची पिवळी पडलेली पाने तोडावीत की राहू द्यावीत?

कुंडीतल्या मिरचीची खालची दोन-चार पाने पिवळी पडली की घरातल्या कुणाचा ना कुणाचा हात तिकडे जातोच. 'पिवळी पाने झाडाची ताकद खातात, दिसली की तोडून टाका,' असे सांगणारे व्हिडिओही मोबाइलवर सतत फिरत असतात. बीड जिल्ह्यात, नारायणगडाच्या परिसरासारख्या कमी पावसाच्या आणि बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या भागात, अंगणातली तुळस, परसातला कढीपत्ता आणि चार कुंड्या जगवणे हेच मोठे काम असते. तिथे या एका सल्ल्यामुळे झाड वाचण्याऐवजी दगावण्याची शक्यता जास्त. पिवळे पान झाडाची ताकद खात नाही. उलट बहुतेक वेळा ते आपल्यात साठलेले अन्न झाडाला परत देत असते.

थोडक्यात उत्तर

पान पूर्ण पिवळे होऊन नुसत्या बोटाच्या धक्क्याने गळत असेल तर काढावे. ओढावे लागत असेल तर राहू द्यावे. पानावर रोग, विषाणू किंवा किडीची स्पष्ट लक्षणे असतील तर मात्र वाट न पाहता काढावे. पान काढण्याआधी एक गोष्ट पाहायलाच हवी: पिवळेपणा खालच्या जुन्या पानांवर आहे की शेंड्याच्या कोवळ्या पानांवर? झाडाला नेमके काय झाले आहे हे त्यावरून कळते. पाने तोडून टाकली की ही खूणच नाहीशी होते.

पान पिवळे का पडते?

पानाचा हिरवा रंग हरितद्रव्यामुळे असतो. पानात पिवळी रंगद्रव्येही आधीपासून असतात, पण हिरव्या रंगाखाली ती झाकलेली असतात. पान म्हातारे झाले, त्याला सावली आली, पाणी तुटले किंवा अन्नद्रव्य कमी पडले, की झाड त्या पानातले हरितद्रव्य मोडायला लागते. हिरवा रंग उतरतो आणि खालचा पिवळा दिसू लागतो.

झाड हे उगाच करत नाही. पानातल्या नत्राचा, म्हणजे नायट्रोजनचा, मोठा हिस्सा हरितद्रव्य असलेल्या भागातल्या प्रथिनांमध्ये अडकलेला असतो. झाड ही प्रथिने मोडते, त्यातले नत्र विरघळलेल्या रूपात देठातून खोडाकडे नेते आणि नव्या पानांना, फुलांना, फळांना देते. स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियमचेही असेच होते. पान गळण्याआधी त्यातले साधारण निम्मे किंवा त्याहूनही अधिक नत्र झाड परत काढून घेऊ शकते.

हे काम संपत आले की देठाच्या मुळाशी पेशींचा एक पातळ थर तयार होतो. पान तिथून सुटते आणि आतली जखम आधीच बुजलेली असते. पिकलेले पान हलक्या स्पर्शाने गळते ते यामुळेच. हा थर तयार होण्याआधी पान ओढले तर देठाबरोबर खोडाची साल सोलली जाते आणि त्या उघड्या जागेतून बुरशी व जिवाणू आत शिरू शकतात. पावसाळ्यात ही भीती अधिक.

म्हणजे अर्धे पिवळे पान तोडण्यात दोन तोटे आहेत. उरलेला हिरवा भाग अजून अन्न तयार करत असतो, तो जातो. आणि झाड जे नत्र परत घेणार होते तेही पानाबरोबर केराच्या टोपलीत जाते. झाड नत्राअभावी उपाशी असेल तर खालची पाने तोडल्यावर ते त्यांच्या वरच्या पानांतून नत्र काढायला लागते. मग ती पिवळी पडतात, तीही तोडली जातात आणि शेवटी खोड तेवढे उरते.

खालचे पान की शेंड्याचे?

काही अन्नद्रव्ये झाडाच्या अंगात सहज फिरतात. ती कमी पडली की झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देते, त्यामुळे खालची पाने आधी पिवळी पडतात. काही द्रव्ये एकदा पानात गेली की तिथून हलत नाहीत. ती कमी पडली की जुनी पाने हिरवीगार राहतात आणि शेंडा पिवळा पडतो. एवढा एक फरक कळला तरी निम्मे निदान होते.

- खालचे पान सगळीकडून सारखेच पिवळे, झाडाची वाढ खुंटलेली: नत्राची कमतरता.
- खालच्या पानाच्या शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा: मॅग्नेशियमची कमतरता.
- खालच्या पानाच्या कडा पिवळ्या होऊन करपलेल्या: पालाशची कमतरता.
- शेंड्याची कोवळी पाने पिवळी, पण शिरा हिरव्या: लोहाची कमतरता.
- शेंड्याची पाने शिरांसकट फिकट पिवळी: गंधकाची कमतरता.
- वरची-खालची पाने एकदम मलूल व पिवळी, माती ओली: मुळे गुदमरली किंवा कुजली.
- पानावर बारीक पिवळे ठिपके, मागच्या बाजूला जाळी: लाल कोळी.

अन्नद्रव्य कमी पडून पूर्ण पिवळे झालेले जुने पान खत दिल्यावर सहसा पुन्हा हिरवे होत नाही. उपाय लागू पडला की नाही हे नव्याने येणाऱ्या पानांवरून ठरवावे. 'खत देऊन आठ दिवस झाले तरी पाने पिवळीच' म्हणून पुन्हा खत टाकण्याची चूक अनेक घरांत होते. छोट्या कुंडीत चमचा-चमचा युरिया टाकत गेल्यास मुळे करपतात. कुंडीसाठी मूठभर कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत हा सुरक्षित मार्ग आहे.

बीडची माती आणि बोअरचे पाणी

बालाघाटची डोंगररांग बीड जिल्ह्याच्या मधून जाते. डोंगराच्या अंगाला हलकी, मुरमाड जमीन आणि गोदावरीच्या बाजूला खोल काळी जमीन, असा साधारण फरक आहे. मराठवाड्यातल्या काळ्या जमिनीत चुनखडीचे प्रमाण बरेचदा जास्त असते आणि मातीचा सामू ७.५ च्या वर जातो. अशा मातीत लोह असते, पण ते न विरघळणाऱ्या रूपात असल्याने मुळांना घेता येत नाही. शेंडा पिवळा आणि शिरा हिरव्या, हे चित्र इथल्या मोसंबीच्या बागांत, भुईमुगात आणि घरच्या कुंड्यांतही दिसते ते यामुळेच. याला अनेक शेतकरी 'केवडा पडला' असे म्हणतात.

बोअरचे जड पाणी यात भर घालते. कुंडीच्या काठावर किंवा मातीवर पांढरा थर जमत असेल तर पाण्यातले क्षार साठत आहेत असे समजावे. अशा वेळी शेंड्याची पिवळी पाने तोडणे सर्वांत चुकीचे, कारण झाडाची पुढची वाढ त्या शेंड्यावरच अवलंबून असते.

यावरचा उपाय सोपा आहे. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, पाण्यात विरघळवून पानांवर फवारतात. प्रमाण लिटरमागे ५ ग्रॅमपेक्षा जास्त नको. घरच्या कोवळ्या झाडांसाठी २ ते ३ ग्रॅम पुरते आणि पाण्यात लिंबाच्या रसाचे थोडे थेंब टाकले तर लोह विरघळलेले राहते. फवारणी ऊन उतरल्यावर करावी, आधी एका फांदीवर करून दोन दिवस पाहावे आणि ज्या झाडाची पाने खायची आहेत ती लगेच खुडू नयेत. पावसाळ्यात पत्र्यावरून पडणारे पाणी साठवून कुंड्यांना दिले, तर मातीतले क्षारही धुऊन निघतात.

मातीचा आणखी एक प्रश्न आहे. शेतातली काळी माती तशीच कुंडीत भरली तर ती पाणी धरून ठेवते, दाबली जाते आणि वाळल्यावर भेगाळते. काळ्या मातीत वाळू किंवा बारीक मुरूम आणि तेवढेच शेणखत मिसळावे. कुंडीचे तळाचे भोक मोकळे आहे ना, हेही पाहावे.

पाणी कमी झाले की जास्त?

दोन्ही वेळा पाने पिवळीच पडतात आणि दोन्ही वेळा झाड मलूल दिसते. झाड सुकले म्हणून पाणी वाढवले जाते आणि आधीच चिखलात असलेली मुळे कुजतात. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. शेतकरी ज्याला 'वाफसा' म्हणतात, म्हणजे माती ओलसर पण भुसभुशीत आणि हवा खेळती, तीच स्थिती कुंडीतही हवी.

तपासण्याची रीत साधी आहे. बोट दोन पेरांपर्यंत मातीत घालावे. आत कोरडे लागले तर पाणी द्यावे, ओल लागली तर थांबावे. पाण्याअभावी पिवळे पडलेले पान कुरकुरीत असते. जास्त पाण्याने पिवळे पडलेले पान मऊ आणि लोंबते असते. जास्त पाणी झाले असेल तर पाने तोडून काही साधत नाही. पाणी थांबवावे, वरची माती हलकी खुरपून मोकळी करावी. मुळे काळी पडून वास येत असेल तर कुंडी बदलावी.

हंगामाची पानगळ म्हणजे रोग नव्हे

बीडचे सीताफळ प्रसिद्ध आहे आणि त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. बालाघाटच्या डोंगरउतारांवर ही झाडे आपोआप वाढलेली दिसतात. हिवाळ्यानंतर सीताफळाची पाने पिवळी पडून गळतात आणि उन्हाळ्यात झाड जवळपास उघडे होते. पाणी वाचवण्याची ही त्याची पद्धत आहे. परसातल्या सीताफळाची पाने फेब्रुवारीत पिवळी पडली म्हणून औषध फवारण्याची गरज नसते. शेवगा आणि कढीपत्ताही थंडीत पिवळी पाने टाकतात.

तुळशीचे थोडे वेगळे आहे. नारायणगड हे संत नगद नारायण महाराजांचे स्थान. 'धाकटी पंढरी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भागात वारकरी घराच्या अंगणात तुळस असतेच. तुळशीला मंजिऱ्या आल्या आणि त्यात बी भरू लागले, की झाड खालच्या पानांतले अन्न बियांकडे पाठवते. पाने पिवळी पडून गळतात आणि झाड लवकर म्हातारे होते. इथे पिवळी पाने तोडण्यापेक्षा वाळू लागलेल्या मंजिऱ्या वेळेवर खुडणे अधिक उपयोगाचे. त्यानंतर बाजूने नवी फूट येते. एकादशी-द्वादशीला तुळशीला हात लावायचा नाही, असा अनेक घरांत नेम असतो. तो पाळल्याने झाडाचे काहीही बिघडत नाही. पिकलेले पान दोन दिवसांनी आपोआप खाली पडते आणि आळ्यातच कुजून मातीत मिसळते.

पाने लगेच काढावीत अशा वेळा

काही पिवळी पाने मात्र राहू देणे धोक्याचे असते.

पहिली वेळ विषाणूची. भेंडीच्या पानाच्या शिरा पिवळ्या होऊन जाळीसारख्या दिसू लागल्या तर तो 'हळद्या' रोग. तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो. नुसते पान काढून उपयोग नसतो, कारण विषाणू झाडभर पोहोचलेला असतो. पूर्ण झाड उपटून पुरावे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेला 'परभणी क्रांती' हा भेंडीचा वाण या रोगाचा प्रतिकार करणारा म्हणूनच नावाजला गेला. सोयाबीन, मूग, उडदावरचा पिवळा मोझॅकही पांढरी माशीच पसरवते. शेतात सुरुवातीचीच रोगट झाडे उपटली तर बाकीचे पीक वाचण्याची शक्यता वाढते. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे आणि ५ टक्के निंबोळी अर्क हे नेहमीचे उपाय आहेत.

दुसरी वेळ बुरशीची. पिवळ्या पानावर तपकिरी किंवा काळे गोल डाग, मागच्या बाजूला पांढरी भुरी, असे दिसले तर ती पाने काढून घराबाहेर न्यावीत. ती कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नयेत.

तिसरी वेळ मातीला टेकलेल्या पानांची. टोमॅटो आणि मिरचीची जमिनीला लागलेली पाने पिवळी पडली तर काढलेली बरी. पाणी घालताना मातीतल्या बुरशीचे कण उडून आधी याच पानांवर बसतात.

तंबाखू मळणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू सुकलेल्या तंबाखूतही टिकून राहतो आणि हातांवरून मिरची-टोमॅटोच्या झाडांवर जाऊ शकतो. अशा हातांनी पाने खुडण्याआधी साबणाने हात स्वच्छ धुवावेत.

पान काढण्याची योग्य पद्धत

सकाळी, पाने कोरडी असताना काम करावे. देठाला बोट लावून पान खाली हलकेच दाबावे. सुटले तर ठीक. सुटले नाही आणि काढणे गरजेचेच असेल, तर कात्रीने देठाचा छोटा तुकडा खोडावर ठेवून कापावे. तो नंतर आपोआप गळून पडतो. रोगट झाडावर वापरलेली कात्री पुढच्या झाडाला लावण्याआधी स्पिरिटने पुसावी. एका वेळी झाडाच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त पाने काढू नयेत. भर उन्हाळ्यात तर पिवळट पानांची सावलीही खोडाला आणि मातीला उपयोगी पडते. निरोगी पिकलेली पाने कुंडीतच पसरावीत. ओल टिकते आणि उरलेले अन्नही मातीत परत जाते.

हाच प्रश्न गांजाच्या झाडाबद्दल असेल तर?

घरच्या गांजाच्या झाडाची पिवळी पाने काढावीत का, असे सांगणारे व्हिडिओ समाजमाध्यमांवर भरपूर आहेत. झाडाचे शास्त्र तेच आहे. हे एका हंगामाचे झाड फुलावर आले की जुन्या पानांतले नत्र वर पाठवते. पण हे व्हिडिओ बहुधा अशा देशांतले असतात जिथे घरी मोजकी झाडे लावायला परवानगी आहे. उदाहरणार्थ, जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीला घरी तीन झाडे लावता येतात. भारतात तशी सूट नाही.

अमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५, म्हणजेच एनडीपीएस कायदा, परवानगीशिवाय गांजाच्या झाडाची लागवड करायला मनाई करतो. या कायद्यातल्या 'गांजा' शब्दाच्या व्याख्येत फुलांचे शेंडे येतात आणि शेंड्यांशिवायची नुसती पाने वगळली आहेत. त्यामुळे 'पानांना काय होतंय' असा समज पसरतो. पण लागवडीची बंदी अख्ख्या झाडाला आहे. झाड एक असो की शेतभर, कुंडीत असो की तुरीच्या ओळीत लपवलेले, लागवडीसाठी १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नुसत्या पानांची भांगही महाराष्ट्रात मोकळी नाही. तिच्यावर राज्याच्या दारूबंदी कायद्याचे निर्बंध आहेत.

बांधावर असे झाड कुणी लावलेले आढळले तर पिवळी पाने काढत बसण्याचा प्रश्नच नाही. आपल्या जमिनीवर बेकायदा लावलेल्या झाडाची माहिती ताबडतोब पोलिसांना देणे ही याच कायद्याने जमीनधारकावर टाकलेली जबाबदारी आहे. माहीत असून गप्प राहणे हाही गुन्हा ठरतो. सरपंच आणि गावच्या इतर अधिकाऱ्यांवरही अशी माहिती देण्याचे बंधन आहे.

मदत कुठे मिळेल?

घरच्या घरी निदान होत नसेल तर रोगट फांदी, एक निरोगी फांदी आणि मातीचा नमुना घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जावे. बीड जिल्ह्यात गेवराई तालुक्यातील खामगाव आणि अंबाजोगाई तालुक्यातील दिघोळअंबा येथे अशी केंद्रे आहेत. नेताना पिवळी पाने झाडावरच असू द्यावीत, कारण तज्ज्ञ आधी तीच पाहतात.

लक्षात ठेवण्यासारखे

- बोट लावताच सुटणारे पिवळे पान काढावे, ओढावे लागणारे राहू द्यावे.
- आधी पाहावे: पिवळेपणा खाली आहे की शेंड्यावर, शिरा हिरव्या आहेत की पिवळ्या.
- मातीत बोट घालून ओल तपासल्याशिवाय पाणीही देऊ नये आणि खतही देऊ नये.
- शेंडा पिवळा आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची फवारणी करावी, शेंडा खुडू नये.
- विषाणू किंवा बुरशी असेल तर वाट पाहू नये. भेंडीचे हळद्या पडलेले झाड मुळासकट काढावे.
- हंगामाची पानगळ होऊ द्यावी.